मी मंजुषाला वाचवलं त्याची फिल्म

१२ ऑक्टोबर, रविवार. अमरावती

आजपासून दैनंदिनी लिहायला घेतली. गंभीर कलाकृती घडत असताना तिची नोंद राहिली पाहिजे. नाहीतर पुढच्या अभ्यासकांना अंदाजावर भागवावं लागतं.

अभ्यासकांसाठी थोडक्यात: मी प्रा. देवमन गावंडे, मानसशास्त्र शिकवतो. दरवर्षी ‘स्मरण’ हे प्रकरण आलं की वर्गात माझ्या आयुष्यातला एक प्रसंग सांगतो. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण. सासुरवाडी अकोल्याहून पातूरकडे जाताना लागते. सासऱ्यांच्या शेतातली विहीर त्या वर्षी काठोकाठ भरली होती. मंजुषा, माझी पत्नी, मला विहीर दाखवायला घेऊन गेली आणि शेवाळावरून तिचा पाय सटकला. मी क्षणाचाही विचार न करता उडी घेतली, तिचे केस धरले आणि तिला पायऱ्यांपर्यंत ओढत आणलं. वर्गात इथे टाळ्या पडतात. एका वर्षी पहिल्या बाकावरची मुलगी रडली होती.

डिसेंबरात आपल्याच शहरातल्या एका कलामंडळाचा लघुपट महोत्सव आहे. मी ठरवलं आहे की त्यासाठी प्रायोगिक फिल्म करायची. माणूस पाहतो काय आणि आठवतो काय, हा विषय. त्या एकाच प्रसंगाबद्दल वेगवेगळ्या माणसांना बोलतं करायचं. त्यांच्या आठवणी इतक्या वर्षांत कुठे कुठे मोडल्या हे प्रेक्षकांना दिसेल. आणि मूळ घटना काय होती ते सांगायला मी आहेच. नाव: ‘जलस्मृती’.

जेवताना मंजुषाला सांगितलं. ती ताटात भाकर वाढत होती. म्हणाली, “कशाले उकरून काढता ते जुनं?”

बावीस वर्षं झाली तरी जखम ओली आहे.

१५ ऑक्टोबर

फिल्मची माणसं जमली. संकलन प्रणाली करेल. ती माझी मुलगी, बी.कॉम.ला आहे, पण लॅपटॉपवर हात चांगला आहे. कॅमेऱ्यासाठी नागसेन. तो लग्नांचे व्हिडिओ काढतो. लग्नसराई सुरू व्हायच्या आत काम संपवा, एवढीच त्याची अट. कल्पना समजावून सांगितली तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता: “सर, उडी स्लो मोशनमध्ये घेऊ का?” मी म्हणालो, ते संकलनात ठरेल. खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं.

तरुण देवमनच्या भूमिकेसाठी दोनतीन विद्यार्थी डोळ्यांपुढे आणले. चेहऱ्यात ती खोली कोणाच्याच नाही. शेवटी मीच करणार. केस काळे केले.

मंजुषाची भूमिका मंजुषानेच करावी असं माझं म्हणणं होतं. ती म्हणाली, “मी नाई उतरत पाण्यात.” साहजिक आहे. त्या दिवसापासून तिला पाण्याची भीती बसली आणि मी ती जपत आलो. कोकणात सहल गेली तेव्हा सगळ्या बायका समुद्रात उतरल्या, मी मंजुषाला वाळूवर बसवून ठेवलं आणि इतरांना कारण समजावून सांगितलं. आपल्या भागात बायकांसाठी पोहण्याची बॅच सुरू झाली होती, तेव्हा शेजारच्या संध्याताई तिला न्यायला आल्या होत्या. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. असल्या गोष्टी प्रत्येक नवऱ्याच्या लक्षात येत नाहीत.

२४ ऑक्टोबर. सासुरवाडी

भाऊबीज काल झाली. आज मुलाखती घेतल्या. मी भारावून गेलो आहे.

पहिले सासरे, पंजाबराव. खाटेवर बसवलं, मागे नवीन कापसाचा ढीग. मी विचारलं, “मामाजी, त्या दिवशी काय घडलं?”

“पाणी लय होतं त्या साली,” ते म्हणाले.

“आणि?”

“आन् काय. लय होतं.”

“मंजुषा बुडत होती तेव्हा तुम्ही कुठे होता?”

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या मंजुषाकडे, मग खाली. “तुमी म्हणता त तसंच असन, जवाईबापू.”

म्हातारपणी आठवण दुसऱ्याच्या सूचनेवर चालते. याचं इतकं स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

मग किशोर, माझा मेव्हणा. तेव्हा तो शाळेत होता. तो हसत हसतच बसला. “तुमचा चष्मा मीनंच काढला होता ना गाळातून, विहीर उपसल्यावर. आन् तुमाले ते बैलगाडीवर पालथं…” इथे मामाजी खोकले. बराच वेळ खोकत राहिले. किशोर उठला आणि म्हणाला, “मोटर पाहून येतो.” गावात सकाळपासून लाइट नव्हती. किशोरच्या डोक्यात दोन वेगळे प्रसंग एकत्र झाले आहेत, हे उघड आहे. बैलगाडीवर पालथं दुसऱ्या कोणाला तरी घातलं असणार.

तिसऱ्या गंगूबाई. शेजारच्या वावरात वांगी आणि कोथिंबीर लावतात. (त्या ‘सांभार’ म्हणतात. मी एकदा सुधारून पाहिलं.) त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून प्रश्न ओरडून विचारला. त्यांनीही ओरडून उत्तर दिलं.

“या जवायाले? हो त. मंजीनं काढलं ना याले. किती पाणी निंघालं याच्या पोटातून. मंजी त मासोळी होती मासोळी. त्या लिंबावरून उडी मारे विहिरीत, पोट्टे पाहत राहत.”

मी पुन्हा विचारलं, नीट समजावून विचारलं. उत्तर तेच. खोटी आठवण जितकी जुनी तितकी ठाम असते. इथे तर वाचवणारा आणि वाचलेला यांची अदलाबदलच झाली आहे. अशी मुलाखत मिळायला नशीब लागतं. पूर्ण ठेवायची, एक शब्द कापायचा नाही.

मुलाखती चालू असताना प्रणाली कॅमेऱ्याऐवजी आईकडेच पाहत होती. नंतर ती मामाजींबरोबर गोठ्याकडे गेली आणि खूप वेळाने परतली. डोळे लाल. तिला लहानपणापासून कापसाच्या धुळीचा त्रास आहे.

२६ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. छाती दुखते आहे. पण जे घडलं ते नोंदवायलाच हवं.

मंजुषा काम करायला तयार नव्हतीच, म्हणून एका लोडाला तिची साडी गुंडाळून विहिरीत टाकला. वरून तो हुबेहूब दिसत होता. मी उडी मारेपर्यंत तरंगेल असा हिशेब होता, पण लोड कापसाचा. भिजला आणि गेला तळाला. प्रणालीने कमरेला दोर बांधायला सांगितलं. मी नकार दिला. दोर दिसला असता तर प्रसंगाचं सत्य गेलं असतं.

मी पाण्यालगतच्या पायरीवर उभा होतो. नागसेन ‘चालू’ म्हणायच्या किंचित आधी मी पाण्यात गेलो. घसरलो असं किशोर म्हणतो. त्याला कलेतली उत्स्फूर्तता कळणं अवघड आहे. पाण्यात गेल्यावर मी हातपाय मारण्याचं टाळलं. बुडणाऱ्याला काय वाटतं याचा अनुभव दिग्दर्शकाने घ्यायला हवा, हे मला त्याच क्षणी सुचलं. अनुभव घेतला. पुरेसा घेतला.

मग कोणीतरी मागून मला काखेतून धरलं. ती मंजुषा होती.

लिंबाखाली गंगूबाईंशी बोलत बसली होती ती. प्रणाली सांगते की ती धावली नाही, पदर खोचत चार ढांगांत आली आणि काठावरून सरळ सूर मारला. मला पायरीवर आणून पालथं केलं आणि पाठीवर दाब दिला. म्हणाली, “मान ढिली सोडा. माह्या गळ्याले मिठी माराची नाई. मागच्या टायमालेही असंच केलं होतं तुमी, दोघंही गेलो असतो.”

मागच्या टायमाला. धक्क्यात माणूस काहीही बोलतो.

बावीस वर्षांची भीती एका क्षणात गेली, यातलं श्रेय कोणाचं हे मी लिहायला नको. मी बुडालो नसतो तर ती कधीच उतरली नसती.

एक गोष्ट मात्र विचित्र घडली. मला पायरीवर ठेवल्यावर ती वर आलीच नाही. परत पाण्यात गेली. विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहली, परत आली, मग पाठीवर पडून राहिली आभाळाकडे बघत. मी वर थंडीने कुडकुडत होतो, मला चहाही कोणी विचारला नाही. सगळे काठावर उभे राहून तिलाच बघत होते. किशोर म्हणाला, “ताई, तुले अजून येते?” मामाजी रडत होते. आणि नागसेनने कॅमेरा बंदच केला नाही. बॅटरी वाया घालवली.

३१ ऑक्टोबर. अमरावती

संकलनात अडचण आहे. मी मंजुषाला वाचवतो असं एकही दृश्य आपल्याकडे नाही. आहे ते उलटं आहे. म्हणून मी प्रणालीला सुचवलं की तेच दृश्य उलटं चालवून बघू. बघितलं. मंजुषा मला पायरीवरून ओढून पाण्यात नेते, खोल पाण्यात सोडते आणि सूर मारून काठावर उडी घेते असं दिसतं. ते चालणार नाही.

शेवटी तोडगा मीच काढला. चेहरे ओळखू येणार नाहीत इतकं जवळून दाखवायचं, हात, पाणी, केस, बस. वर माझं निवेदन: “मी क्षणाचाही विचार न करता उडी घेतली.”

प्रणाली म्हणाली, “बाबा, हे खोटं आहे.”

मी तिला शांतपणे समजावलं की खरं-खोटं असं काही नसतं, प्रत्येकाचं पाहणं वेगळं.

“मग आईचं पाहणं कुठे आहे यात?”

मी म्हणालो, कमळाचं एक दृश्य टाकू. तिने लॅपटॉप बंद केला. संध्याकाळी परत उघडला आणि म्हणाली की सगळं तुम्ही सांगाल तसं करते, फक्त आई पोहते ते शेवटचं दृश्य न कापता ठेवू द्या, आवाजासकट. प्रायोगिक फिल्ममध्ये असं लांब दृश्य असतंच म्हणे. मुद्दा बरोबर आहे. माझ्या उडीचा दूरगामी परिणाम म्हणून ते शोभेल. होकार दिला.

९ नोव्हेंबर

मंजुषाने पोहण्याची बॅच लावली. संध्याताईंबरोबर पहाटे जाते. मला विचारलं नाही, सांगितलं. “उद्यापासून मी तलावावर जातो.” ती अजूनही ‘मी जातो’च म्हणते. बाईने ‘जाते’ म्हणायचं, हे लग्नापासून सुधारतो आहे.

माझा उपचार लागू पडला. यावर एक शोधनिबंध लिहिता येईल. रुग्णाचं नाव न देता.

सकाळचा चहा मात्र उशिरा मिळू लागला आहे.

२२ नोव्हेंबर

आज मंजुषाने मला समोर बसवून एक गोष्ट सांगितली. तिची आठवण म्हणून इथे जशीच्या तशी उतरवतो. निबंधाला उपयोगी पडेल.

“फिल्म दाखवाच्या आधी एकडाव सांगून ठेवतो. मंग तुमी काईही दाखवा. त्या दिवाळीले पाय तुमचा घसरला. मी काढलं तुमाले. बाबानं माह्यापुढं हात जोडले, का बाई, नवा जवाई आहे, गावात हसू होईन, कोनापाशी बोलू नको. मी हो म्हटलं. तुमाले ताप भरला होता. तापात तुमी म्हटलं, मी तुले वाचवलं. मले वाटलं, तापात बरळून राहिले. सकाळी ताप उतरला, तरी तुमी तेच म्हटलं. चहा घ्याले माणसं आली होती, त्याईले सांगितलं. मी बाबाकडं पाह्यलं. बाबानं मान खाली घातली.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प का?

“गप्प नोती मी. पाणी सोडलं होतं. मले पोवताना कोनी पाह्यलं असतं त तुमची गोष्ट कशी टिकली असती? अशी बाई बुडन कशी? म्हनून पाय नाई घातला पाण्यात. समुद्रापाशी बसवलं तुमी मले, तवा रडू येत होतं. तुमी लोकाईले सांगून राहिले होते का भेते बिचारी.”

मी म्हणालो, “मंजुषा, तुझी ही आठवण तुला अगदी खरी वाटत असणार. तसंच असतं ते.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. रागाने नाही. उकडलेला बटाटा शिजला का ते बघतात, तसं. मग उठून गेली.

२३ नोव्हेंबर

झोप नीट लागली नाही.

एक बारीक शंका फक्त इथे लिहितो. तो प्रसंग आठवताना मला नेहमी गळ्याशी रुतणाऱ्या बांगड्या आठवतात. मागून. मी तिला समोरून केस धरून ओढत होतो, तर बांगड्या माझ्या मागे कशा?

आणि गाळाची चव.

असो. आठवणींत भेसळ होते. मीच शिकवतो.

१४ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस नीट लिहायला हवा. कोणत्या क्रमाने लिहू ते कळत नाही.

सभागृह भरलं होतं. माझे विद्यार्थी, कॉलेजातले सहकारी, संध्याताई आणि त्यांच्या पहाटेच्या बॅचमधल्या बायका, एक अख्खी रांग. किशोर मामाजींना गाडीत घालून गावाहून घेऊन आला होता. ‘जलस्मृती’ सुरू झाली. माझं निवेदन घुमलं. मामाजी पडद्यावर म्हणाले, “पाणी लय होतं,” आणि लोक हसले. मला वाटलं, वऱ्हाडी बोलीला हसले. “तुमी म्हणता त तसंच असन”ला जास्त हसले. किशोर मोटर बघायला गेला तेव्हा टाळ्या. गंगूबाईंच्या वेळी मागच्या रांगेतला एक जण खुर्चीवरून घसरला. पडद्यावर लोड बुडत होता आणि माझा आवाज म्हणत होता, “मी क्षणाचाही विचार न करता उडी घेतली.” त्या हसण्यात पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत.

प्रत्येक तुकडा मीच निवडला होता. प्रणालीने माझ्या सांगण्याबाहेर काहीही केलेलं नाही, मी नंतर तपासलं. फक्त चेहरे झाकले तरी आवाज राहिला होता. “मागच्या टायमालेही असंच केलं होतं तुमी.” इथे मात्र कोणी हसलं नाही. मग ते शेवटचं लांब दृश्य आलं. मंजुषा पाठीवर पडून आभाळाकडे बघते, पाण्याचा बारीक आवाज, बाकी काही नाही. सभागृहात इतकी शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येही ऐकलेली नाही. दिवे लागल्यावर बॅचमधल्या बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, पण माझ्याकडे तोंड करून नाही.

सर्वोत्कृष्ट लघुपट: जलस्मृती.

मंचावर गेलो. सन्मानचिन्ह आणि शेंदूरजनाघाटच्या एका बागायतदाराकडून संत्र्यांची पेटी. नागपूरच्या परीक्षक बाईंनी माइक हातात घेतला. म्हणाल्या, “सर, या फिल्मचा प्राण म्हणजे तुमचा निवेदक. वाचवलं गेलं ते त्यालाच, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, प्रेक्षकाला दुसऱ्या मिनिटाला कळतं, आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता नाही. इतका निर्मळ मूर्ख लिहिणं फार कठीण असतं. तुम्हाला हे पात्र सुचलं कसं?”

माइक माझ्याकडे आला.

दोनच उत्तरं होती. ते पात्र नाही, तो मी आहे, आणि मी मूर्ख नाही, असं म्हणायचं. तर सन्मानचिन्ह कशाबद्दल होतं? किंवा पात्र आहे असं म्हणायचं.

“हे पात्र माझ्या मनात बरेच दिवस घोळत होतं,” मी म्हणालो.

“म्हणजे खऱ्या आयुष्यात वाचवलं ते वहिनींनीच?”

“अर्थात,” मी म्हणालो.

हा शब्द माझ्याच तोंडून निघाला. सगळ्या अमरावतीसमोर. किशोरने शिट्टी वाजवली. मामाजी उठून उभे राहिले, उपरण्याने डोळे पुसले, मग शेजारी बसलेल्या मंजुषाकडे वळून त्यांनी हात जोडले. तिने त्यांचे हात धरून खाली केले आणि त्यांना बसवलं. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

घरी येताना ऑटोत मी म्हणालो, “ते मी पात्राबद्दल बोललो.”

“हो,” मंजुषा म्हणाली. “त्याच्याच बद्दल.”

प्रणाली बाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. तिथे कापूस नव्हता.

१७ डिसेंबर

वर्गात गेलो तर फळ्यावर कोणीतरी विहीर काढली होती. चांगली काढली होती. मी पुसली नाही. ‘प्रेरणा’ हे प्रकरण घेतलं.

अकोल्याच्या एका कॉलेजातून फोन आला. ‘अविश्वसनीय निवेदकाची घडण’ यावर व्याख्यान द्याल का विचारत होते. देईन म्हणालो.

२० डिसेंबर

व्याख्यानाची तयारी करताना सगळं नीट आठवत गेलं. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

तो दिवाळसण. मी विहिरीत पडलो, मंजुषाने मला काढलं, हे मला त्याच दिवशी स्वच्छ ठाऊक होतं. तापात पडल्या पडल्या माझ्या मनात एक प्रयोग आला: एक खोटी आठवण कुटुंबात सोडून द्यायची आणि ती किती वर्षं टिकते ते बघायचं. सकाळी चहाला आलेल्या माणसांना मी ती गोष्ट सांगितली ती प्रयोगाची सुरुवात. कोणालाही कळू दिलं नाही, मंजुषालाही नाही, नाहीतर निष्कर्ष बिघडला असता. बावीस वर्षं चाललेला असा प्रयोग जगात दुसरा नसेल. फिल्म हा त्याचा शेवटचा टप्पा. त्या सकाळी मी काय ठरवलं ते मला अगदी शब्दन् शब्द आठवतं आहे. चहा गुळाचा होता.

पहाटे मंजुषा निघताना तिला हे सगळं सांगितलं. ती दारात वाकून चपला घालत होती, खांद्यावर टॉवेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली. “दूध वर आलं का गॅस बंद करजा.”

आणि गेली.